मामेसासऱ्यांचा कंपुटर

सुरत शहरात जेवढ्या गोष्टींना भिणं माणसाला शक्य आहे, तेवढ्या सगळ्यांना माझे मामेसासरे भीत असत, आणि त्यातून वेळ उरला की ते ट्रक चालवीत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्या मंडळींनी माझं शिक्षण विचारलं, शेती विचारली, व्यसनं विचारली, या गृहस्थांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "पव्हता येस का?" मी नाही म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. सुरतेत तापी आहे आणि भाचीचा नवरा सुरतेच्या मराठी शाळेत मास्तर आहे, तेव्हा हा प्राणी कधी ना कधी बुडणार, असं त्यांनी मनाशी धरलं. पुढं वर्षभर भेट झाली की ते आधी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत आणि मी कोरडा आहे याची खात्री पटल्यावरच रामराम करीत.

उधन्याच्या आमच्या खोलीवर आले की ते थेट उंबऱ्यावर बसत, अर्धे आत आणि अर्धे बाहेर. आत छताला पंखा होता आणि बाहेर गल्लीत कुत्रं. पंखा पडला तर बाहेर सटकायचं, कुत्रं आलं तर आत, अशी ती योजना होती. चहाचा कप मात्र ते बाहेरच्या हातात धरीत, म्हणजे सांडला तर घरातलं कोणी भाजायला नको. प्लेगच्या दिवसांत अर्धी सुरत मिळेल त्या गाडीनं पळाली. हे स्टेशनवरच्या गर्दीला भिऊन बमरोलीच्या खोलीत दार लावून बसले आणि ठणठणीत राहिले. तेव्हापासून भीती ही अंगाला मानवते असं त्यांचं ठाम मत झालं, आणि माझ्यासारख्या बेफिकीर माणसांची त्यांना कीव येऊ लागली.

असल्या माणसानं ट्रक घ्यावाच का, असं कोणीही विचारील. मीही विचारलं होतं. उत्तर साधं होतं. लूमची भीती ट्रकच्या भीतीपेक्षा मोठी होती. धुळ्याकडून आल्यापासून अठरा वर्षं त्यांनी बमरोलीत माग चालवले. एक दिवस शेजारच्या मागावरचा धोटा उडाला आणि त्यांच्या जोडीदाराचा डोळा घेऊन गेला. हे दोन हात अंतरावर उभे होते. त्यानंतर खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, शिरून खडखडाट कानावर पडला की त्यांचे हात गार पडत, सूत तुटलं तर गाठ मारता येत नसे. असं दोन वर्षं काढल्यावर, हजिऱ्याच्या बाजूला पाइपलाइनचं काम संपवून निघालेल्या एका परदेशी कंपनीचे जुने ट्रक लिलावात निघाले, आणि जन्मभर पाणीसुद्धा विचारून पिणारा हा माणूस कोणालाही न विचारता त्यातला एक घेऊन घरी आला. मामींनी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी त्यांनी ट्रकच्या चाकांवर हळदकुंकू वाहिलं.

कारखान्यांतून कोऱ्या कापडाचे ताके भरायचे आणि पांडेसरा, सचिन या गावांतल्या मिलांना पोचवायचे, हा त्यांचा नवा धंदा. गाडी सुरू करण्याआधी ते खाली वाकून कुत्रं झोपलंय का पाहत. मग आपल्या वाकण्यानं दुसरं एखादं जागं होऊन आलं असेल म्हणून पुन्हा एकदा पाहत. पुढच्या वाहनाला मागं टाकणं म्हणजे त्यांना यमाला पुढं होऊन नमस्कार करण्यासारखं वाटे. एकदा ते उधन्यापासून भेस्तानपर्यंत एका बैलगाडीच्या मागं मागं गेले. शेवटी गाडीवान बैल थांबवून खाली उतरला आणि काकुळतीनं विचारू लागला, "भाई, मारुं कंई काम छे?"

या ट्रकमध्ये कंपुटर होता. दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली, जेवणाच्या चपट्या डब्याएवढी एक पेटी होती आणि तिच्या हुकमाशिवाय इंजिनाला इंधनाचा थेंब मिळत नसे, असं लिलावातल्या कारकुनानं त्यांना सांगितलं होतं. आता पुढचं पाप माझं आहे. त्याच आठवड्यात माझ्या पुतण्याचं नाव घालायला आम्ही दोघं एका कंपुटर क्लासमध्ये गेलो. दाराबाहेर चपलांची रांग, आत गारेगार हवा, काचेला पडदे, आणि मुलं देवळात बसावीत तशी अनवाणी बसलेली. मामांनी दबक्या आवाजात कारण विचारलं. मी मास्तर, मास्तराला माहीत नाही असं जगात काही नसतं. मी म्हणालो, "मामा, कंपुटरला धूळ चालत नाही आणि उष्णता तर मुळीच चालत नाही. त्याला थंड ठेवावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून मामा अनवाणी गाडी चालवू लागले. हमालांच्या चपला मागं ताक्यांवर गेल्या. मी बसायला गेलो तर मलाही हुकूम झाला, "चपला काढी ठेवा जवाईबापू, मझार कंपुटर शे!" उधना दरवाज्याला एका हवालदारानं पांडेसऱ्यापर्यंत सोड म्हणून आत पाय टाकला, तेव्हा मामा थरथरत पण हात जोडून म्हणाले, "साब, बूट बाहर. अंदर कंपुटर है." हवालदार निमूटपणे बूट हातात घेऊन मोज्यांवर बसला. कंपुटर या शब्दाचा तेव्हा तेवढा दरारा होता. धुळीचा बंदोबस्त असा झाला, राहिली उष्णता. सुरतेच्या उन्हाळ्यात ट्रकच्या केबिनमध्ये थंडी कुठून आणायची? मामांनी माठाला गुंडाळतात तसं एक ओलं फडकं त्या पेटीला गुंडाळलं. शेजारी पाण्याची बाटली. गाडी थांबली की फडक्यावर पाणी. मी हे स्वतः पाहिलं, आणि मला वाटलं, काय गोड माणूस आहे!

तिसऱ्या वर्षी ट्रक मधेच बंद पडू लागला. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्याला. खोकणं नाही, धूर नाही. चालता चालता एकदम गप्प. असा एकदा तो रेल्वेच्या फाटकात, बरोबर रुळांवर गप्प झाला. मी शेजारी बसलो होतो. मामा किल्ली फिरवत होते आणि इंजिन ओळख दाखवत नव्हतं. फाटकवाला शिट्ट्या फुंकत धावत आला. हमाल अनवाणीच तापलेल्या खडीवर उतरून ढकलू लागले. मीही उतरलो, आणि खरं सांगतो, गाडी ढकलायला उतरलो नव्हतो, पळायला उतरलो होतो; लाज वाटली म्हणून हात लावला. मामा मात्र स्टिअरिंग सोडून उतरले नाहीत. गाडी पलीकडं गेली आणि पाठोपाठ लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू आली. मामांचे दात वाजत होते. त्या अवस्थेत त्यांनी पहिलं काम काय केलं, तर अख्खी बाटली त्या पेटीवर रिकामी केली. "तापनं व्हई बिचारं," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ट्रक सचिनच्या एका मिलच्या दारात कायमचा गप्प झाला. चार दिवस झाले. कोणी मेकॅनिक त्या पेटीला हात लावीना. बमरोलीच्या जुन्या शेठला बातमी लागली आणि त्याचा निरोप आला, सोमवारपासून माग रिकामे आहेत, या. मामा मला म्हणाले, "जास मी सोमवारले." एवढंच. पण बोलताना ते आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. भित्रा माणूस आम्हां सगळ्यांच्या करमणुकीचा होता. भ्यालेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

सचिनजवळच्या भंगारवाड्यात गाड्यांची वायरिंग करणारा एक म्हातारा सुरती कारागीर होता. त्याच लिलावातला दुसरा ट्रक त्याच्याकडं मोडीत पडला होता, हे कळल्यावर रविवारी सकाळी आम्ही आमचा ट्रक ओढून तिथं नेला. मामा कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले, पाठ करून. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे. कारागिरानं पेटी उघडली आणि मला जवळ बोलावलं. आत हिरवा गंज चढला होता, काही तारा तर बोट लावताच तुटून आल्या.

"मास्तर, आ तो पाणीथी गयुं छे," तो म्हणाला. त्यानं मोडीतल्या ट्रकमधली पेटी काढून पुसली, जोडली, किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. कुंपणाबाहेर मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कारागीर हळूच म्हणाला, आता तिसरी पेटी कुठं मिळायची नाही. हीसुद्धा बुडवली तर त्यांना बैल घ्यायला सांगा.

सांगणं मलाच भाग होतं. न सांगावं तर नव्या पेटीला आज दुपारीच आंघोळ घडणार. सांगावं तर ज्या माणसानं जन्मभर फक्त जपण्याचंच काम केलं, त्याला तुझ्या जपण्यानंच घात केला असं सांगायचं. मी आयुष्यात पुष्कळ पोरांना नापास केलं आहे, पण इतकं जड कधी गेलं नाही. सांगितलं. मामांनी आत येऊन ती हिरवी पेटी हातात घेतली.

"तीन वरीस मी त्याले पानी पाजत ऱ्हायनू?"

"चूक माझी आहे मामा. थंड ठेवा असं मीच सांगितलं होतं."

"तुमी थंडं ठेवा सांगं," ते म्हणाले, "पानी मी टाकं." आणि त्यांनी फडकं पिळून कुंपणावर वाळत घातलं, बाटली मातीत ओतली आणि गाडीत चढले. मी चढलो. मला वाटलं, झालं, सुटलो.

भंगारवाड्याच्या बाहेर आलो नाही तोच त्यांचा डावा हात आपोआप पेटीकडं गेला. ती गरम झाली होती. हात मागं आला, पुन्हा गेला. त्यांनी गाडी बाजूला घेतली. पुढं बघतच, माझ्याकडं न वळता, ते म्हणाले, "जवाईबापू, मना हात धरी ठेवा. गेर टाकना व्हई तव्हय सांगसू, तेवढा येळ सोडा."

मी त्यांचा हात धरला. घट्ट धरला. "सोडा," म्हणाले की सोडायचा. गिअर पडला की ते आपण होऊन तो परत माझ्या हातात देत. मधे फाटक आलं तेव्हा त्यांनी माझी बोटं इतकी दाबली की मी ओरडणार होतो. ट्रक रुळांवरून सुरळीत पलीकडं गेला. सचिनपासून बमरोलीपर्यंत आम्ही दोन बाप्ये असे हात धरून आलो, आणि रस्त्यावर कोण बघतंय याची मला काडीची पर्वा वाटली नाही.

सोमवारी ते लूमवर गेले नाहीत, आणि पुढंही कधी गेले नाहीत. ट्रक आणखी पुष्कळ वर्षं चालला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकट्यानंच गाडी काढली. त्यांचा तो हात तेव्हा कोण धरीत असेल, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. आता विचारीन म्हटलं तर मामा नाहीत.