बाबालालची कोरी पाठ

मंगळवार पेठेत बाबालाल शिकलगारची ओळख करून देताना लोक त्याच्या तोंडाकडे नव्हे, पाठीकडे बोट दाखवत. "ह्या पाठीला आजवर माती लागलेली न्हाय, पावणं," असं सांगत. पाहुणा कौतुकानं मान डोलवी आणि मग साहजिकच विचारी, "मग ह्यानं पाडलं कुणाकुणाला?" इथं सांगणाऱ्याला हटकून खोकला येई.

कारण बाबालालनं फारसं कुणाला पाडलंही नव्हतं. मिसरूड फुटायच्या आधी तो ज्ञानू वस्तादांच्या तालमीत उतरला आणि तेव्हापासून जिल्ह्यातल्या जत्रांच्या मैदानांत त्यानं धरलेली जवळजवळ प्रत्येक कुस्ती बरोबरीत सुटली. समोरच्यानं पट काढला की हा बसकण मारी. कंबर धरली की हा पालथा पडून मातीला असा चिकटे, की त्याला उलटवायला पहार लागली असती. शेवटी पंच कंटाळून दोघांचे हात धरत आणि कुस्ती सोडवत. बक्षीस निम्मं निम्मं. त्याचं नाव पुकारलं की हलगीवाला तंबाखू मळायला घेई, आणि मैदानाकडेचा चहावाला आधण वाढवी.

हसणं सोपं आहे. पण बाकीचे पैलवान जिंकत होते तसे हरतही होते, चार माणसांदेखत आभाळ बघत होते आणि पाठीची माती झटकत घरी जात होते. दहा-बारा वर्षं त्या मातीत लोळून पाठ कोरी ठेवणं कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला जमलेलं नव्हतं. वडील लवकर वारले होते. सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं चाक चुलत्याकडं गेलं होतं. आई रोशनबीच्या दोन म्हशी सोडल्या तर बाबालालच्या मालकीचं म्हणावं असं जगात त्या कोऱ्या पाठीशिवाय काही नव्हतं.

मॅट्रिकशी झालेली लढत मात्र त्यानं तिसऱ्या खेपेला निकाली केली आणि तेविसाव्या वर्षी तो कॉलेजात गेला. कॉलेज लहान होतं, नवं होतं, आणि कुस्तीची पदकं मिळतील या आशेनं पैलवानांना फी माफ करत होतं. बाबालाल विद्यापीठाच्या स्पर्धेत गुणांवर हरून आला. त्याच्या लेखी ते हरणं नव्हतंच. पाठ टेकली नव्हती. बाकी गुण मोजणाऱ्यांनी काय मोजायचं ते मोजावं.

त्याच सुमारास कॉलेजचे क्रीडाशिक्षक गणपतराव खराडे उन्हाळी शिबिराला जाऊन बेसबॉल हा खेळ घेऊन आले. म्हणजे एक बॅट, तीन चेंडू, एक जाळीदार मुखवटा आणि उशीएवढा एक चामडी हातमोजा घेऊन आले. खेळात कॅचर नावाचा एक गडी लागतो. त्यानं फलंदाजाच्या मागं उकिडवं बसायचं आणि येईल तो चेंडू झेलायचा. बसायची हौस सगळ्यांना होती. पण घटकाभरात एकेकाच्या मांड्या लटलटू लागल्या. मैदानाच्या कडेला बाबालाल बैठका संपवून तसाच बसून हे बघत होता.

"किती वेळ बसशील असा?" खराडे सरांनी विचारलं.

"उठ म्हणंपतोर."

अशी त्याची निवड झाली. त्याच्यामागं चेंडू म्हणून जात नसे. पिचर केरबा, म्हणजे चेंडू फेकणारा, पन्हाळ्याच्या पायथ्याचा दांडगट पोरगा. त्याचा चेंडू हातमोज्यात बसला की बंदुकीसारखा आवाज होई. बाबालाल डोळा मिटत नसे. "अंगावर आलेलं माघारी सोडायचं न्हाय. आमच्या तालमीत आणि काय शिकवत्यात?" असं तो म्हणे. बॅट हातात आली तर चेंडू कंपाउंडबाहेरच्या उसात जाई, आणि खेळापेक्षा शोधाशोधीलाच जास्त वेळ लागे.

अडचण पळताना येई. या खेळात बेस नावाच्या तीन ठाण्यांना फेरी मारून शेवटी होमला, म्हणजे मातीत रोवलेल्या पांढऱ्या पट्टीला, पाय लावला की एक धाव मिळते. चेंडू हातात घेऊन कॅचर आडवा येतो. त्यानं अंगाला चेंडू लावायच्या आत पट्टी गाठायची. म्हणून पळणारा शेवटच्या टप्प्यात पाय पुढे फेकून पाठीवर पडतो आणि घसरत जातो. संघातली सगळी पोरं घसरायला शिकली. बाबालाल डोक्यावर घागर असल्यासारखा ताठ पळत येई आणि ताठच बाद होई.

"अरे, पड की मर्दा!" खराडे सर ओरडत.

"मरतो म्हणा, सर. पडत न्हाय."

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत लहान महाविद्यालयांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा कोल्हापुरात भरली. यजमान संघाला थेट प्रवेश मिळतो, हे कळल्यावर खराडे सरांचं क्रीडाप्रेम उफाळून आलं होतं. मणिपूर, केरळ, पंजाब, कुठकुठली पोरं येऊन वर्गांतले बाक जोडून झोपली आणि तांबडा रस्सा खाऊन नाकं पुसत राहिली. बघायला गर्दी तुफान. पहिल्याच दिवशी मणिपूरचा एक चपळ पोरगा घसरत होमला पोचला आणि पाठीवर आडवा झाला, तशी निम्मी पेठ उठून ओरडली, "लागली! पाठ लागली! चितपट!" पंचानं तो वाचला म्हणून दोन्ही हात आडवे पसरले, तर लोक म्हणाले, "सोडवली? ह्येला काय अर्थ हाय?" खरे नियम गळी उतरायला दोन दिवस गेले. उतरल्यावरही एक म्हातारा म्हणालाच, "खेळ झकास हाय. पण पडून जिंकायचं म्हंजे जरा अवघडच."

कोल्हापूरनं सामन्यामागून सामने काढले. उपांत्य सामन्यात बाबालाल सवयीप्रमाणे ताठ पळत आला आणि केरळच्या कॅचरनं त्याच्या छातीला हलकेच चेंडू लावला. केरबामुळं सामना कसाबसा हाती राहिला. खेळ संपल्यावर खराडे सरांनी बाबालालला बाजूला घेतलं.

"उद्या पंजाबशी फायनल. त्यांचा कॅचर बघितलास? दारासारखा हाय. उभा गेलास तर आपटशील."

"आपटीन."

"आणि पडणार नाहीस?"

"सर, ह्या पाठीबिगर माझ्याकडं दुसरं हाय काय?"

 सर बॅट आणि चेंडू पिशवीत भरायला लागले.

दिवस मावळायच्या आत बाबालाल तालमीत गेला. ज्ञानू वस्ताद सुपारी कातरत बसले होते.

"वस्ताद, त्या खेळात पाठीवर पडाय लागतंय."

"ऐकलंय."

"पडू का?"

वस्तादांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पाठ कुणाची?"

"तालमीचीच की."

"मग इतकी वर्सं तालमीला इचारून राखलीस व्हय?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. याला होकार समजावा की नकार, हे बाबालालला कळेना. तो घरी आला. रोशनबी म्हशीच्या पुढ्यात वैरण टाकत होती. तिला त्यानं तेच विचारलं. ती म्हणाली, "पड न्हाय तर नको पडू, बेटा. जेवायला हितंच यायचं हाय."

फायनलला ज्ञानू वस्ताद आले. फेटा बांधून, तालमीची पोरं मागं घेऊन, पहिल्या रांगेत, होमच्या अगदी समोर बसले. बाबालालला ते मुखवट्याच्या जाळीतून दिसत होते. नाही बघायचं म्हटलं तरी दिसत होते.

शेवटचा डाव आला तेव्हा धावा बरोबरीत होत्या. एक धाव झाली की करंडक कोल्हापूरचा. बाबालालनं चेंडू लांब टोलवला आणि ताठ पळत तिसरा बेस गाठला. मागून केरबानं एक सपाट फटका मारला. पंजाबच्या पोरानं तो पळत जाऊन उचलला आणि बाबालाल होमकडं सुटला.

चेंडू त्याच्या डोक्यावरून पुढं गेला. पुढं तो दारासारखा कॅचर वाकून, पाय फाकून, हात पुढं करून उभा होता; आणि बाबालालला एकदम ओळख पटली. हा पवित्रा त्यानं आयुष्यभर पाहिला होता. असा माणूस समोर आला की काय करायचं हे त्याच्या अंगाला पाठ होतं: पाय रोवायचे, कंबर खाली घ्यायची आणि बरोबरी होईपर्यंत हलायचं नाही. त्याचे पाय तसे रोवायला निघालेही. पण कॅचरच्या दोन पायांमधून मागं ती पांढरी पट्टी दिसत होती, आणि बरोबरी तर आधीच झालेली होती.

त्यानं पाय पुढं फेकले.

नव्वद किलोचा ऐवज धप्पकन पाठीवर पडला आणि तसाच फरफटत, धुरळा उडवत, पंजाबच्या पायांमधून पलीकडं गेला. टाच पट्टीला लागली. चेंडू अंगाला लागेपर्यंत बाबालाल सपाट पडून आभाळ बघत होता. पंचानं हात आडवे पसरले.

खराडे सर उड्या मारत होते. केरबा बोंबलत होता. पण पहिल्या रांगांतून आवाज आला नाही. कोल्हापूर जिंकलं होतं आणि बाबालाल पडला होता. दोन्हीचं एकदम काय करावं हे लोकांना सुधरेना. त्या पंजाबी कॅचरचा बाप गावाकडचा पैलवान होता म्हणे. त्या कॅचरनंच आधी वाकून बाबालालला उठवलं, त्याच्या पाठीकडं बघितलं, आणि न झटकता त्याचा हात धरून वर केला. तेव्हा कुठं टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतली वस्तादांची खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

करंडक प्राचार्यांच्या कपाटात गेला. पेठेतल्या हॉटेलात रात्रभर वाद चालला, की हा विजय धरायचा की हार; निकाल लागला नाही, चहा मात्र बराच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबालाल तालमीच्या उंबऱ्याशी येऊन थबकला. आत वस्ताद फावड्यानं कुस्तीच्या हौद्यातली माती वरखाली करत होते.

"भाईर का हुबा?"

"येऊ का?"

"ये. लंगोट बांध." वस्तादांनी फावडं टेकवलं. "बारा वर्सं तुला डाव शिकवलं, बाबालाल्या. ढाक शिकवली, निकाल शिकवला. एक लावला न्हाईस. पाठ राखत बसलास, आणि मी लोकांम्होरं खोकत बसलो. आता राखायला काय उरलं न्हाय. पिराजी, ये रं हिकडं. धर ह्येला."

तालमीतला पिराजी वजनानं सव्वापट. बाबालालनं हात मिळवला. नेहमीप्रमाणं त्याची कंबर खाली गेली, मग ती त्यानंच वर आणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन ढाक टाकली. ढाक चुकली. पिराजीनं त्याला अलगद फिरवून मातीत सपाट घातलं.

वस्तादांनी कडेला बसून सुपारीला अडकित्ता लावला.

"पाय आत घालाय पायजे हुता," ते म्हणाले. "परत."

बाबालाल उठला. पाठ न झटकताच त्यानं हात पुढं केला.