नत्थूजींची उमरेडची बस आणि वच्छलाबाईचा राजमा

"काहून वं वच्छले, रस्सा मटनाचा अन् आत गोट्या?"

नत्थूजींनी तोंडातला दाणा ताटात थुंकला. दाणा टणकन वाजला.

"गोट्या कायच्या? राजमा होय तो," वच्छलाबाई चुलीकडूनच बोलली. "डाक्टरनं दोन महिने मटन बंद सांगतलं ना तुमाले? मयुरीनं आणला, म्या शिजवला."

"याले शिजवणं म्हणते? रस्त्यावरची गिट्टी याच्याहून नरम राह्यते."

बाजूच्या बाकावर वसंत जेवायला बसला होता. काटोलहून संत्र्याचा ट्रक घेऊन आला की तो इथंच जेवतो. त्यानं ताटावर आडवा हात धरला. "मले नको वाढू वं काकी. माह्या तोंडात दातच मोजके उरले."

तेवढ्यात सून आली. मयुरी शहरात सदर भागातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सासऱ्याचा रिपोर्ट तिनंच आणला होता. साखर वर, चरबी वर. तिनं ताटातला दाणा उचलून दाबून पाहिला.

"आई, रातभर भिजवला होता ना?"

"भिजवाले तो काय लुगडं होय? मंद आंचेवर सकाळपासून ठेवला. मटन असतं तं हाडापासून सुटलं असतं."

"थुंका, थुंका! कोणी गिळू नका," मयुरी ओरडलीच. "अर्धाकच्चा राजमा पोटात गेला की उलट्या होते. मंद आंचेनं त्यातलं जहर जात नाही. भिजवाचा, ते पाणी फेकाचं, मंग चांगला खळखळ उकळाचा."

नत्थूजी हात धुवायला उठले. "जहर! आयकलं का वसंता? मी पुढच्या इतवारी उमरेडले जातो मनोहरकडे. त्याच्या घरी इतवारी मटन असते."

हे काही चेष्टेत बोललेलं नव्हतं. हा माणूस एकदा उमरेडच्या बसमध्ये बसला, की दर रविवारी बसणार. मनोहरराव धाकटा भाऊ, तो थोरल्याला आग्रह करकरून वाढणार. दोन महिने तर सोडाच, पथ्य दोन आठवडेही टिकणार नाही. वच्छलाबाई हे ओळखून होती, पण तोंडावर दिसू देईल तर ती वच्छलाबाई कसली.

दोघंही उमरेडच्या विणकर घरांतली. माग बंद पडले तसे वाडीला आले. अमरावती रोडवर गोदामं, गोदामांपुढं ट्रक, ट्रकात उपाशी माणसं. वच्छलाबाईनं पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ टाकली. खसखस, जवस, मिरे, दगडफूल भाजून पाट्यावर वाटलं, की वास पार रस्त्यापलीकडं जातो. मटण करायची तिची रीत ठरलेली. आधी तेल, मग वाटण, मग मटण, मग मीठ, मग धीर. राजम्यालाही तिनं तोच धीर लावला, आणि तिथंच फसली.

सोमवारी तिनं सुनेच्या सांगण्यानं राजमा रातभर भिजत घातला. सकाळी पाणी फेकलं, नव्या पाण्यात खळखळ उकळला, मग कुकरला लावला. दाणा चिमटीत लोण्यासारखा मोडला. त्यात कांदा, लिंबू आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून तिनं वसंताला वाटीभर दिला. त्यानं दुसरी वाटी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी उरलेला राजमा कुस्करून, कांदा-मिरची घालून तव्यावर थोड्या तेलात वडे भाजले. ड्रायव्हरांनी तवा रिकामा केला.

नत्थूजींनी वडा उलटापालटा करून पाहिला. "चारा होय हा."

"बाबा, यानं ताकद येते," मयुरी म्हणाली. "लोह हाय. अन् साखर एकदम चढू देत नाही हा, हळूहळू चढते."

"अन् चव?"

"ते खातं आईकडं हाय."

रविवार उजाडला. नत्थूजी इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी खांद्याला लावून बाहेर आले. वच्छलाबाईनं "थांबा" म्हटलं नाही. तिनं मऊ शिजलेला राजमा वाटणात सोडला, मूठभर दाणे ठेचून रस्सा दाट केला. आता उरला तेलाचा प्रश्न. वर तेलाची लाल तर्री दिसली नाही तर नत्थूजी रश्श्याला रस्सा म्हणत नाहीत, आणि तेल तर कमी करायचं. म्हणून रश्श्यात तिनं तेलाचा थेंब घातला नव्हता. सगळं मिळून दोन चमचे तेल कडकडीत तापवून, तिखट टाकून, अगदी शेवटी वरून सोडलं. चर्रर्र झालं. पातेलंभर लाल पसरलं.

नत्थूजींचं नाक फिरलं. "बस याले वेळ हाय अजून," ते वसंताला म्हणाले आणि पिशवीसकट बसले.

नत्थूजींनी उभ्या जन्मात बायकोच्या हाताला चांगलं म्हटलेलं नाही. पण रस्सा जमला की पहिली भाकर संपायच्या आत ते दुसरी मोडतात. हे वच्छलाबाईला पक्कं ठाऊक. ती भाकरी थापत होती, पण डोळा ताटावर.

एक घास. दुसरा. कपाळावर घाम. नाक सुरसुरलं. अर्धी भाकर ताटात असतानाच हात टोपल्याकडं गेला. दुसरी भाकर मोडली.

"बस गेली ना गा नत्थूजी!" वसंत हसत सुटला.

"जाऊ दे. दुसरी येते." नत्थूजींनी पिशवी खांद्यावरून काढून बाकाखाली सरकवली. "वच्छले, मनोहरले फोन कर. म्हणावं, तूच ये इकडं. अन् वाटीत वाढ जरा. वरतून वाढ, तर्रीचं."

"तर्री एकच डाव भेटन," वच्छलाबाई म्हणाली. "दाणे पायजे तेवढे घ्या."

वसंतानं ताट पुढं केलं. "मलेही वाढ वं काकी. दात घासून आलो आज."

"दाताचं काम नाही राह्यलं त्याले आता," तिनं डाव उपडा केला.

बाहेर दोन ट्रक येऊन लागले. कुणीतरी दारातूनच हाळी दिली, "काकी, पाच ताटं!" वच्छलाबाईनं पीठ ओढून घेतलं, पाण्याचा हात फिरवला आणि पुढची भाकर थापायला लागली.