पाच भावांचे आप्पा

कुठलंही ड्रॉइंग समोर ठेवलं की आप्पा आधी मापं बघत नसत. चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "भाऊ किती?" नोकरीच्या पहिल्या दिवशी मलाही हाच प्रश्न आला. मी गोंधळून सांगून टाकलं, "दोन. एक नंदगडला शेती बघतो, एक पुण्यात असतो." सगळं ड्रॉइंग ऑफिस खो खो हसलं. आप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "तुझे न्हाय गं. या हाउसिंगचे."

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पंपांची हाउसिंग, म्हणजे पंपाची बाहेरची ओतीव पेटी, तयार व्हायची. मूळ घडण एकच, पण तिचे पाच प्रकार. एकाला तेलाचं भोक उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे, तिसऱ्याला बोल्ट जास्त. आप्पा त्यांना पाच भाऊ म्हणत. बोरगावच्या मोठ्या एकत्र घरात वाढलेला माणूस, त्यांना यंत्रातही घरच दिसायचं. ते आमच्या ऑफिसचे प्रमुख. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण मालक, म्हणजे आमचे साहेब, वर्षावर्षाने मुदत वाढवून देत होते.

ड्रॉइंगमध्ये बदल झाला की त्याच्यावरचं आवृत्तीचं अक्षर पुढे सरकतं, बी चं सी होतं. आप्पांचा नियम असा की एका भावात बदल झाला तरी पाचही जणांचं अक्षर पुढे न्यायचं. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "दिवाळीला एका पोराला नवं कापड घेतलं की बाकीच्यांस्नी पण घ्यावं लागतंय. न्हायतर घरात रडारड." हे उत्तर मला पटलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग ड्रॉइंगं सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर आलं. त्याचा कायदा उलटा होता. ज्याच्यात बदल झाला त्याचंच अक्षर पुढे, बाकीचे जागच्या जागी. शिवाय मूळ घडणीला नुसता हात लागला तरी पडद्यावर चौकट उघडायची: हा बदल संबंधित भागांनाही लागू करायचा का? हो म्हणायलाही भीती, नाही म्हणायलाही भीती. शिकवायला बंगळूरहून आलेल्या माणसाला आप्पांनी चारदा थांबवलं. "मला कळंना झालंय, परत सांगा." मालकांसमोर असं बोलायची हिंमत आमच्यात कुणाचीच नव्हती. पाचव्यांदा तो शिकवणाराच घोटाळला. मला तर पहिल्यांदाच काही कळलं नव्हतं, पण मी मान डोलवत होते.

साडेपाच झाले की आप्पा डबा उघडत. जैन घरातले, दिवस मावळायच्या आत जेवणारे. भाकरी मोडता मोडता आम्ही दोघं त्या सॉफ्टवेअरचं कोडं सोडवायला बसायचो. उठताना मी पहिल्यापेक्षा जास्त भंजाळलेली असायचे. ते म्हणायचे, "कळंना झालं तर तसं सांगावं गं. त्यात लाज कसली?" मला लाज वाटायची. माझं उमेदवारीचं वर्ष महिन्याभरात संपणार होतं. कायम झाले नाही तर गाशा गुंडाळून नंदगड गाठायचं होतं, आणि तिथे आई स्थळांची यादी घेऊन बसलेलीच होती.

त्याच आठवड्यात तिसऱ्या भावाचं भोक अर्ध्या मिलिमीटरने वाढवायचं ठरलं. सॉफ्टवेअरच्या कायद्याप्रमाणे मी त्याचं एकट्याचं सी चं डी केलं. आप्पांनी बघितलं. "असंल तसा कायदा, तर असू दे. पण खाली शॉपमधी, मशिनींकडं जाऊन फोरमनला तोंडानं सांगून ये. बाकीचे चौघं सी वरच ऱ्हाणार, म्हणावं. त्यांस्नी माझी सवय हाय."

मी हो म्हटलं आणि गेले नाही. सॉफ्टवेअरने फोरमनला आपोआप निरोप पाठवला होता, मग वेगळं काय सांगायचं? फोरमनच्या संगणकावर कायम प्लॅस्टिकचं कव्हर चढवलेलं असायचं, हे मला माहीत होतं. तरीही गेले नाही.

दोन दिवसांनी बाकीच्या चार भावांची चांगली छत्तीस हाउसिंग भट्टीत जाऊन वितळली. पिवळ्या रंगात सी लिहिलेली. तिसऱ्या भावाचं डी लिहिलेलं छापील ड्रॉइंग हातात पडल्यावर फोरमनने जे अनेक वर्षं केलं तेच केलं होतं. "एक भाऊ डी झाला म्हंजे सी चा माल जुना," तो म्हणाला. "आप्पांच्या हाताखाली हेच शिकलोय की."

बैठकीत साहेबांनी विचारलं, "शॉपला सांगायचं काम कुणाचं होतं?"

माझी पाचावर धारण बसली.

"माझं," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊन गेलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही.

मी कायम झाले. आप्पांची मुदत वाढली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी रिकामा डबा पिशवीत टाकला, "अक्षरं नीट सांभाळ, पोरी," म्हणाले आणि निपाणीच्या बसने गावी गेले. नंतर किती दिवस मी हिशेब मांडत बसले. चूक त्यांच्या सवयीची, सॉफ्टवेअरच्या कायद्याची, की त्या प्लॅस्टिकच्या कव्हरची? रोज नवं उत्तर निघायचं, आणि प्रत्येक उत्तरात मी अंग चोरून उभी असायचे. आप्पांना फोन करायला घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

शेवटी एकदा साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. आप्पांनी मला शॉपमध्ये पाठवलं होतं, मीच गेले नाही. बोलताना रडू आलं.

साहेबांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, "आप्पा जाताना सांगून गेलेत मला. ती पोरगी दोन दिवसांत तुमच्याकडे येईल, 'चूक माझी' असं म्हणेल. तिला काढू नका, म्हणाले."

आप्पांना कारखाना सोडून चार महिने झाले होते.