तर्पणात नसलेली आजी: कुंभकोणमच्या ओट्यावर क्रीक लोकांची गोष्ट

कुंभकोणमला जायचं ठरलं ते सेतुरामरावांच्या फोनमुळे. ते तंजावरी मराठी, म्हणजे मराठे राजांच्या काळात तिकडे गेलेल्या घरातले. दोन वर्षं माझा ब्लॉग वाचतात. म्हणाले, "बाई, आमच्या घराण्याची वंशावळ छापावयाची आहे. तुमचे मराठी शुद्ध. एकवार येऊन नजर घालावी." शिवणकामात आयुष्य गेलेल्या बाईला कुणी असं म्हटल्यावर ती घरी कशाला बसेल?

पुण्याहून चेन्नईला रेल्वेने एक रात्र. सेंट्रलला उतरून एग्मोरला जावं लागतं, रिक्षाचं भाडं आधी ठरवा. तिथून कुंभकोणम सहाएक तास. गाडी दिवसाची घ्या, शेवटी शेवटी खिडकीबाहेर नुसतं भातच भात दिसतं.

घरी तिघंच माणसं. सेतुरामराव, एकटेच, लग्न केलं नाही. त्यांची थोरली बहीण, सगळे त्यांना अक्का म्हणतात, लवकर विधवा होऊन लेकीला घेऊन भावाकडे आलेल्या. आणि अक्कांची नात माळिनी, इथल्याच बँकेत नोकरीला. तिचे आईवडील चेन्नईला असतात. सेतुरामराव तिच्या आईचे मामा, म्हणून हिचेही मामाच. मायलेकी दोघींना शाळेत त्यांनीच घातलं.

सकाळी इडलीबरोबर कडप्पा, म्हणजे मूगडाळ-बटाट्याचं पातळसर कालवण. मी दोनदा मागून घेतलं. मग माळिनीने वंशावळीचा लांबलचक कागद जमिनीवर पसरला. मूळपुरुषापासून खाली मुलगे, नातू, पणतू. मुलींच्या नावापुढे पूर्णविराम. अक्कांपुढेही पूर्णविराम, आणि सेतुरामरावांच्या खाली कोरी जागा.

"तुझं नाव कुठंय गं?" मी विचारलं.

"मी नाही यात. आजी दुसऱ्या घरी दिलेली, आणि अप्पा, माझे वडील, तर तमिळ." मग म्हणाली, "टाइप सगळं मीच केलंय, पण."

सेतुरामराव चष्मा पुसत म्हणाले, "नियम आहे, बाई. उद्या संध्याकाळी छापखान्यात द्यायचे." एकदा छापलं की पन्नास घरांत तेच जाणार. पण घर दुसऱ्याचं, मी ऱ्हस्व-दीर्घच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदपुरमला गेलो. रिक्षाने जवळच आहे. विठ्ठल-रखुमाईपुढे तमिळ गळ्यांतून मराठी अभंग ऐकायचे असतील तर मुद्दाम जा. परत येऊन ओट्यावर बसलो, पितळी वाटीतून कॉफी आली. सेतुरामराव म्हणाले, "तुमचे ते अमेरिकेतले लोक, त्यांचे सांगा."

जुन्या वाचकांना ठाऊक आहे, लेकीकडे जॉर्जियाला गेले तेव्हा मी मातीचे डोंगराएवढे ओटे बघून आले, आणि तेव्हापासून मिळेल ते वाचते. ते ओटे बांधणाऱ्यांचे वंशज म्हणजे क्रीक, गोरे येण्याआधीपासूनचे तिथले मूळ रहिवासी. हे नाव इंग्रज व्यापाऱ्यांचं, ओढ्याकाठी राहतात म्हणून दिलेलं. ते स्वतःला मस्कोगी म्हणवतात. प्रत्येक गावाची आपली सभा, आपला अग्नी. नवा मका तयार झाला की जुनी चूल विझवायची, घर झाडायचं, खून सोडून सगळे अपराध माफ करायचे, मग नवा विस्तव घरोघरी न्यायचा. मोडलेल्या टोळ्या आश्रयाला आल्या तर त्यांनाही सामावून घ्यायचे, त्यांची भाषा त्यांच्याकडेच ठेवून.

"आमच्यासारखे," अक्का म्हणाल्या. त्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

"आणि कूळ आईचं," मी सांगितलं. "वारा, अस्वल, हरीण अशी कुळं. घर-शेत बायकांचं. मुलांना वळण लावायचं ते मामाने. बाप परक्या कुळातला. स्कॉटलंडचे व्यापारी तिकडे जावई झाले, त्यांची मुलं आईच्या कुळात पुरती धरली गेली. काही तर पुढारी झाली."

सेतुरामराव हसले. "मग आईकडून आमचेही मोजू. आई गोदाबाई. तिची आई रखमाबाई, तर्पणात नाव घेतो. तिची आई..." ते थांबले. तर्पणात आईच्या बाजूनेही पुढे आजोबांचेच वाडवडील येतात. आजीच्या आईला तिथे जागा नाही.

"तुळसाबाई," अक्का मान वर न करता म्हणाल्या. "तिरुभुवनमची. तिची आई मंगळाबाई. तिची भागीरथी."

"मध्ये सावित्री राहिली, आजी," माळिनी म्हणाली. "मंगळाबाईची आई सावित्री, आणि तिची भागीरथी."

"हो गं, सावित्री."

"तुम्हास कोणी सांगितले हे?" सेतुरामरावांनी विचारलं.

"आईने, वेणी घालताना. मी लेकीस सांगितले, तिने हिला. तुला कोण सांगणार? तुझी वेणी कुठे होती?"

सेतुरामरावांची कॉफी निवली, तरी ते उठेनात. मग छापखान्याला फोन केला, तमिळमध्ये, दोन दिवस थांबा म्हणून. माळिनीला म्हणाले, "अक्कापुढचा पूर्णविराम काढ. खाली तुझी आई, खाली तू."

"मामा, नियम?"

"मीच केला होता. चेन्नईचे चुलत भाऊ ओरडतील. ओरडोत."

माळिनी लगेच दुरुस्तीला बसली. टाइप करताना स्वतःच्या नावात मात्र चूक केली, ती मी सुधारली.

परवा पुस्तक टपालाने आलं. शेवटच्या पानावर अक्कांनी सांगितलेल्या आया ओळीने छापल्यात, सगळ्यांत खाली माळिनी. मीही कागद घेतला. आई, तिची आई, आणि तिसऱ्या ओळीवर पेन अडलं. मिरजेला माझी मावशी आहे, नव्वदीची. तिला फोनवर ऐकू येत नाही. सोमवारची एसटी धरते.