मिलिंदचं शेवटचं बोलणं

मिलिंद गेला तेव्हा त्याच्याजवळ मी एकटाच होतो, आणि तो काहीही बोलला नाही. हे आधीच लिहून टाकतो, नंतर धीर होईल असं वाटत नाही. कॉलेजात तास चालू असताना त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. विद्यार्थ्यांनी बारामतीतल्याच एका दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचलो तोवर तोंडात नळी होती. मी हाका मारल्या, हात दाबला, नर्ससमोर शिव्यासुद्धा घातल्या... पापणी हलली नाही. त्याची आई, गयाबाई, लासुर्ण्याहून शेजाऱ्याच्या जीपमधून निघाली होती, पण कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता. ती आली तेव्हा नळी काढून झाली होती. तिनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि मान वर न करता मला विचारलं, "शेवटाला काय म्हणला रं माझा लेक?" डॉक्टरांना भेटून येतो म्हणालो आणि तिथून सटकलो.

ज्यांना मिलिंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बायबलात ज्यांना जागा मिळाली नाही, अशा प्राचीन ज्यू आणि ख्रिस्ती ग्रंथांचा तो अभ्यासक होता. तो लासुर्ण्यातल्या बौद्ध घरातला, मी कन्हेरीचा, आजोबांपर्यंत मेंढरं राखलेल्या घरातला. वसतिगृहात एका खोलीत पडलो आणि मग सुटलोच नाही. त्यानं पुण्यात ग्रीक शिकून घेतली, पुढे जर्मनीत सीरियाक आणि इथिओपियातली जुनी गीझ. तिकडंच राहील असं आम्ही धरून चाललो होतो, तर हा पठ्ठ्या बारामतीला परत आला आणि इतिहास शिकवू लागला. शिकायचंच होतं तर आपली पाली का नाही शिकलास, असं नातेवाईक विचारत. तो हसून दुसरा चहा मागे. इंदापूरला त्याचा सत्कार झाला तेव्हा मी माइकवर ठोकून दिलं, की हे गावकुसाबाहेरचे ग्रंथ आहेत आणि म्हणूनच आमच्या मिलिंदनं ते हातात घेतले. टाळ्या भरपूर पडल्या. परतताना गडी मोटारसायकलवर माझ्यामागे बसला होता. पिंपळी आली तेव्हा कानाशी वाकला. म्हणाला, "बाहेर कुणी काढलं, ते इचार की आधी. इथिओपियाच्या बायबलात यातली काही पुस्तकं आतच हायेत." त्यानंतर मी त्याच्यावर भाषण केलं नाही. आता करायला बोलावतात, मी जात नाही.

त्याचं सगळं काम एकाच जातीच्या ग्रंथांवर होतं. त्यांत एखादा म्हातारा मूळपुरुष मरायला टेकलेला असतो, तो पोरांना भोवती गोळा करतो आणि शेवटचं सांगतो. माझं काय चुकलं, तुम्ही कसं वागा, मला कुठं पुरा. गंमत अशी, की ते शब्द त्या म्हाताऱ्याचे नसतातच. शेकडो वर्षांनी कुणीतरी त्याच्या नावावर लिहिलेले असतात. मी त्याला चिडवायचो, की तुझी ही माणसं आपल्या तलाठ्याकडं आली असती तर बनावट सहीपायी आत गेली असती. तो खो खो हसायचा. एकदा मात्र हसता हसता थांबला. "ह्याला खोटं म्हणायचं का, त्ये मला आजून ठरवता येईना तान्या," म्हणाला. मराठी भाषांतराच्या प्रस्तावनेत त्यावर लिहिणार होता. भाषांतर अर्ध्यात आहे, प्रस्तावनेची एक ओळही नाही. झालेलं पान तो शनिवारी लासुर्ण्याला नेऊन आईला वाचून दाखवायचा. तिला कळलं नाही की वाक्य मोडून पुन्हा करायचा. ते काम पुरं करू शकेल असा माणूस मला तरी माहीत नाही. मी पुण्याला फोन करून पाहिले. लोक चांगलं बोलतात आणि फोन ठेवतात.

आई जेवेनाशी झाली होती. शनिवारी तो उशिरा यायचा, ती ताट झाकून थांबायची, ती सवय होती... आता रोजच ताट झाकलेलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, माणसं पांगली आणि मी बायकांच्या घोळक्यातून तिचा आवाज ऐकला. "जाताना म्हणला, आये, जेवून घे. माझ्यासाठी थांबू नगं."  ती तिथं नव्हती, तो बोलला नव्हता, आणि बायका डोळे पुसत होत्या. नंतर तिनं मला त्याच्या खोलीत बोलावलं. तिथला पंखा ती बंद करू देत नाही. मला त्याच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "तू व्हतास तितं. आसंच म्हणला न्हवं?"

"व्हय आये," मी म्हणालो. "आसंच म्हणला."

त्या संध्याकाळी ती अर्धी भाकरी जेवली.

पुढच्या रविवारी गेलो तर म्हणाली, "आनि काय म्हणला?" मी सांगितलं, गुडघ्याचं औषध चुकवू नको म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी सांगितलं, तुझ्या हातचा ठेचा खावासा वाटतो म्हणाला. दर वेळी ती ऐकते, पदरानं तोंड पुसते आणि जेवते. न सांगता निघालो तर ताट तसंच राहतं, एकदा करून पाहिलंय. लासुर्ण्यात हा लेख कुणी वाचलाच, तर हात जोडून सांगतो, तिला वाचून दाखवू नका. हे खोटं आहे का, हे ज्याला विचारावं तो मेला आणि मी वेडा व्हायची वेळ आलीय. गेल्या खेपेला ती पंख्याकडं बघत बसली होती. मग तिनं विचारलं, "दुखत व्हतं का रं त्याला? काय म्हणला?" मी पुढच्या वेळी सांगतो म्हणालो. उद्या रविवार आहे.