दादाच्या गालातला सरदार

माझा मोठा भाऊ बँकेतून रिटायर झाला आणि वैशाली नगरातल्या राजपूत शेजाऱ्यांच्या नादी लागला. ते आपल्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचे आणि दादाच्या पोटात दुखायचं. आपलंही घराणं सरदाराचं, हे सिद्ध करायला त्याने डीएनए टेस्ट करायचं ठरवलं.

कुठली करायची, यावर त्याने आम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं. आईकडची आणि वडिलांकडची, दोन्ही नाती दाखवणारी टेस्ट त्याने आईसमोरच निकालात काढली. "त्यात भेसळ येते," म्हणाला. त्याला फक्त बापाकडून मुलाकडे उतरणारं रक्त तपासायचं होतं. "ही टेस्ट पुरुषांचीच असते, तुझा नमुना चालत नाही," हे त्याने मला अशा थाटात सांगितलं, की जणू सरदारकी आत्ताच त्याच्या हाती पडली होती.

किट आलं त्या दिवशी गालात फिरवायची कापसाची काडी हातात घेऊन त्याने पुन्हा आमच्या सरदार पूर्वजाची गोष्ट सुरू केली. सरदाराला मूल नव्हतं, म्हणून त्याने बायकोच्या भाच्याला, म्हणजे आपल्या आजोबांना, दत्तक घेतलं आणि हत्तीवरून साखर वाटली.

ही गोष्ट मी जन्मभर ऐकतेय. म्हटलं, "दादा, आजोबा दत्तक आले, मग तुझ्या गालात सरदार कुठून सापडणार?"

त्याने काडी खाली ठेवली. मग त्याने कंपनीला फोन लावला.

"भैया, गोद लिए हुओं का टेस्ट अलग आता है क्या?"