सायवनच्या पाड्यावरची फोडणी

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. बारा वर्षं सायवनकडच्या पाड्यांवर नर्स म्हणून हिंडतेय. भुताखेतांनी नाही, माणसांनीच मला दमवलंय. त्यात करोना झाल्यापासून माझं नाक गेलं ते गेलंच... घरात दूध करपलं तरी मला कळत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला सहा वर्षांच्या रंजूला कांजण्या आल्या. घरात देवी आली म्हणून तिच्या आईने, सुनंदाने, फोडणी बंद केली, दाराला कडुनिंब टांगला आणि मला उंबऱ्यावरच अडवलं.

"बाहेरूनच बोला सिस्टर. माता कोपेल."

घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं — पोर सुस्तावली, उलट्या झाल्या, चालताना तोल गेला, तर लगेच फोन कर. "हो हो," म्हणाली. हे "हो हो" मला चांगलं ठाऊक आहे!

सातव्या दिवशी भर दुपारी स्कूटीवरून त्यांच्या घरासमोरून जात होते, आणि मोहरी-लसणाच्या फोडणीचा खमंग वास आला. असली भडकले! मी आत आले तर देवी कोपते, आणि फोडणी चालते? स्कूटी लावली आणि जाब विचारायला सरळ आत घुसले.

चूल थंडगार होती. रंजू गोधडीवर ओकून पडलेली, धड शुद्धीतही नव्हती.

"कधीपासून?"

"सकाळपासून. झोकांड्या खात होती... माता खेळते ना अंगात, पाय ठरत नाय तिचा."

"मेंदूला सूज असेल, बाई! उचल तिला!"

शेजाऱ्याच्या रिक्षातून डहाणूला नेलं. डॉक्टर म्हणाले, कांजण्यांमध्ये क्वचित एखाद्या मुलाला असं होतं. संध्याकाळ केली असती तर कठीण होतं. पंधरा दिवसांनी रंजू सरळ चालली तेव्हा मी सगळ्यांदेखत रडले.

पाड्यावर घरोघर विचारलं. त्या दुपारी कुणीच फोडणी दिली नव्हती. देवी असेपर्यंत शेजारीही पाळतात म्हणे. आता सगळे म्हणतात, मातेनेच सिस्टरला बोलावलं. म्हणजे माझी बारा वर्षांची बडबड पाण्यात! डोकं फिरतं नुसतं.

"मग कोणी बोलावलं तुम्हाला?" सुनंदाने विचारलं.

हे विचारलं त्याच दिवशी तिने मला आग्रहाने जेवायला बसवलं आणि माझ्यासमोर डाळीला लसणाची फोडणी दिली. रंजूला ठसका लागला, डोळे पुसत हसायला लागली. मी पातेल्यावर वाकून जोरात श्वास घेतला... काहीच आलं नाही.